वर डोंगर, खाली दर्या

आमच्या गावाला चार दिशा आहेत, पण पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण यांतली एकही त्यांत नाही. आमच्या दिशा म्हणजे वर, खाली, चिमणीकडं आणि मुरुडकडं. वर डोंगर, खाली दर्या. थळच्या खताच्या कारखान्याची चिमणी दिसते ती चिमणीकडची बाजू, आणि तिच्या उलट ती मुरुडकडची. घरातसुद्धा हाच कारभार. "माझी चप्पल कुठाय?" "ती काय, पिंपाच्या मुरुडकडं." झोपताना जागा पुरली नाही की आई म्हणायची, "जरा चिमणीकडं सरक." यात हसण्यासारखं काही आहे हे मला गाव सोडेपर्यंत कळलं नव्हतं.

आता मी नकाशे करते. ड्रोनने काढलेल्या फोटोंवरून, उपग्रहाकडून जागा विचारणाऱ्या काठीवरून, आणि अजूनही बऱ्याचदा पायी चालून. त्यामुळे नात्यातल्या, ओळखीतल्या मुलींचे फोन येतात. "ताई, मॅपिंगमध्ये जायचंय. कुठला कोर्स करू?" मी सरळ उत्तर देते. दहावीनंतर आयटीआयचा सर्वेक्षकाचा ट्रेड आहे. सिव्हिलचा डिप्लोमा आहे, डिग्री आहे. भूगोल घेऊन बीए किंवा बीएस्सी कर आणि वर जीआयएसचा, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांचा, डिप्लोमा. ड्रोन उडवायचा तर त्याचा परवाना काढ. सरकारी नोकरी हवी तर भूकरमापकाच्या परीक्षेचा अभ्यास कर. पलीकडे मुलगी सगळं लिहून घेते आणि विचारते, "तुम्ही कशातून आलात?" इथे माझी पंचाईत होते. कारण मी आले ती एका चुकलेल्या बाणातून, आणि तो कोर्स कुठल्याच संस्थेत नाही.

सुरुवात आईपासून करते, तिच्याशिवाय यातलं काही झालंच नसतं.

गावातून पक्का रस्ता जातो. रस्त्याच्या खाली कोळीवाडा, नारळी-पोफळीच्या वाड्या, देऊळ, शाळा, ग्रामपंचायत. रस्त्याच्या वर आमची बौद्धवाडी, विहार, आणि मग डोंगर. आई खालच्या वाड्यांत सुपाऱ्या सोलायला जायची, त्यामुळे गावात काय चाललंय ते तिला आधी कळायचं. आमच्याकडे सर्व्हे म्हणत नाहीत, मोजणी म्हणतात, आणि मोजणी आली म्हटलं की लोक आपापल्या बांधावर जाऊन उभे राहतात. कुणाचा बांध सरकतो, कुणाची बोलाचाली बंद होते. आईची तक्रार मात्र वेगळीच होती. तिचं म्हणणं, मोजणीवाले वर येतच नाहीत. ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिने पाहिलं होतं. माणसं यायची, खाली मोजायची, रस्त्यावरच्या दुकानात चहा प्यायची आणि परत जायची.

तसं त्यांचंही काही चुकत नव्हतं. फार जुन्या नकाशात गावठाणाची रेषा रस्त्यापर्यंत येऊन थांबलेली आहे. रेषेच्या बाहेर आमची वाडी. त्या कागदावर आमच्या घरांच्या जागी एक गट नंबर आणि नुसता मोकळा कागद. ज्याने ती रेषा काढली तो कधीचाच गेला, आणि पुढचे सगळे रेषेप्रमाणे चालत राहिले. हे मी आईला पुढे अनेकदा समजावलं. तिचं उत्तर ठरलेलं. "आपण हाय ना हितं? मग कागदावर का न्हाय?"

बारावी झाल्यावर मी आयटीआयत गेले ती कॉम्प्युटरच्या ट्रेडसाठी. त्या जागा भरल्या होत्या. खिडकीतला माणूस म्हणाला, "सर्वेक्षक रिकामं आहे. घेतेस?" मला वाटलं दारोदार जाऊन घरात माणसं किती, गॅस आहे का, असं विचारायचं काम असेल. तोंडाची मी पहिल्यापासून फटकळ. म्हटलं, लोकांना प्रश्न विचारायचे तर ते आपल्याला जमेल. घेतलं. घरी आल्यावर पत्रक वाचलं तेव्हा खरं काय ते कळलं: जमिनीची मोजणी. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, त्यांनी एवढंच विचारलं, "यंत्र असतं का त्यात?" असतं म्हटल्यावर ते खूश. आईने भाकरी थापता थापता हात थांबवला.

"म्हंजे तू मोजणीवाली व्हणार?"

"व्हय."

"मग एक कर. मोजणी वर आण."

ती चेष्टेत बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी वाडीत सगळ्यांना तिने सांगूनही टाकलं की माझी पोर मोजणी वर आणणार आहे. मला अजून मोजपट्टी धरता येत नव्हती आणि वाडीतल्या म्हाताऱ्या मला विचारू लागल्या होत्या, कधी येतेस मोजायला?

आयटीआयत आम्ही वर्गात मुली अगदी थोड्या होतो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे बांबू घेऊन मैदानभर फिरायचं, सरळ रेषेत उभं राहायचं, लोखंडी साखळी ओढायची. टोटल स्टेशन नावाचं एकच महागडं यंत्र होतं, कोन आणि अंतर एकदम सांगणारं. ते कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत असायचं आणि सणासुदीला निघाल्यासारखं बाहेर निघायचं. आमचे निदेशक, म्हणजे आमचे सर, बुटके, कायम टोपीत, आणि आवाज असा की मैदानाच्या पलीकडचा बांबू सरळ व्हावा. त्यांचा भर जुन्या प्लेन टेबलवर. तिकाटण्यावर एक फळी, फळीवर कागद, आणि समोर दिसतं ते तिथल्या तिथे काढायचं. पोरं कुरकुरायची की आता हे कोण वापरतं. सर म्हणायचे, "तुम्ही वापरा."

पहिल्याच महिन्यात त्यांनी घरचा अभ्यास दिला: आपापल्या गावाचा कच्चा नकाशा काढून आणा, उत्तर दाखवा. मी मन लावून काढला. वर डोंगर, खाली दर्या, मधून रस्ता, घरं, विहीर, विहार, देऊळ, होड्या. आमची वाडी तर घर न् घर काढली. पुस्तकात लिहिलं होतं की नकाशात वरची बाजू उत्तर. मग वर बाण काढला, 'उ' लिहिलं, आणि दिमाखात नेऊन दिला.

सरांनी तो वर्गासमोर धरला. "पोरांनो, या गावात समुद्र दक्षिणेला आहे."

मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे हिच्या गावात सूर्य दक्षिणेला बुडतो!" वर्ग हसून लोळायला आला. किनाऱ्यावर जन्मलेली मुलगी, उभ्या आयुष्यात सूर्य समुद्रात बुडताना पाहिलेली, आणि हे तिच्या लक्षात येऊ नये! पण माझ्या डोक्यात दोन 'वर' होते, एक घरचा आणि एक पुस्तकातला, आणि मी ते दोन्ही एकाच कागदावर एकावर एक ठेवले होते. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. हसणाऱ्यांना चार शब्द सुनावले, ते काय होते ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

सर नकाशासकट मला मैदानात घेऊन गेले, प्लेन टेबल मांडलं, त्यावर माझा कागद ठेवला. "तुझा डोंगर कुठल्या बाजूला?" आयटीआयच्या मैदानातूनही डोंगराची तीच रांग दिसते. मी हात केला. त्यांनी फळी हळूहळू फिरवली, कागदावरचा डोंगर खऱ्या डोंगराकडे येईपर्यंत. "आता समुद्र?" तो आपोआप समुद्राकडे आला होता. "चिमणी काढली आहेस का?" काढली होती, डाव्या कोपऱ्यात. तीही जिथे असायला हवी तिथेच होती.

"नकाशा बरोबर आहे," सर म्हणाले. "बाण चुकलाय."

त्यांनी माझ्या हातात खोडरबर दिलं आणि फक्त तेवढा बाण पुसायला लावला. डाव्या बाजूला, चिमणीकडे, म्हणजे खऱ्या उत्तरेकडे, तोंड करून मी नवा बाण काढला. बाकी कशाला त्यांनी हात लावू दिला नाही. त्या दिवशी त्यांनी सगळंच खोडलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी आलेच नसते, हे मला माझ्या स्वभावावरून पक्कं माहीत आहे. आयटीआय सोडून घरी बसलेली मुलगी आणि आजची मी, यांच्यामध्ये एका माणसाने योग्य वेळी थांबवलेलं एक खोडरबर आहे. सरांचे उपकार मी असे मोजते.

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. शिकाऊ उमेदवारी मिळाली उरणकडे, बंदराला जाणाऱ्या एका रस्त्याच्या कामावर. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला कंटेनरच्या ट्रकांची रांग, आणि मध्ये मी, आकडे लिहिलेली लांब पट्टी उभी धरून. इंजिनियर लांबून लेव्हलच्या, म्हणजे चढउतार मोजायच्या यंत्राच्या, दुर्बिणीतून आकडा वाचायचा. काम एवढंच, की पट्टी हलता कामा नये. वाऱ्यात ती हलायची, ट्रकवाले भोंगे वाजवायचे, "ओ मॅडम, साइड!" मी ज्या आगरी मावशीकडे खोली घेऊन राहायचे ती संध्याकाळी माझ्या तोंडावरची धूळ बघून म्हणायची, "जा गो, आधी धू, मंग बोल." आणि मी धुऊन येईपर्यंत ताट वाढलेलं असायचं. खोलीच्या भाड्याच्या बोलणीत जेवण नव्हतंच. मी पैशांचा विषय काढला की ती कानाला ऐकू न आल्यासारखं करायची.

तिथून नवी मुंबईतल्या एका ऑफिसात, कॉम्प्युटरवर. जुने गावनकाशे स्कॅन केलेले असायचे, त्यांवरच्या रेषा माऊसने गिरवायच्या. माझ्या शेजारी पेणची एक मुलगी बसायची, भूगोलात बीए आणि वर जीआयएसचा डिप्लोमा केलेली. सॉफ्टवेअर तिने मला शिकवलं, अगदी बटणापासून. फोटोत दिसणारी करडी रेषा पायवाट आहे, खाडीचा बांध आहे की आटलेला ओहोळ आहे, हे मी तिला सांगायचे. ती वर्गात शिकली होती, मी उन्हात. दोघींना एकमेकींचं अर्धं अर्धं येत होतं. दुपारी एका डब्यातून जेवायचो आणि शनिवारी भांडायचो.

एके दिवशी माझ्या स्क्रीनवर आमचंच गाव आलं. तोच जुना नकाशा. गावठाणाची रेषा खालून फिरत फिरत आली आणि रस्त्याला येऊन वळली. वर मोकळं. मी बराच वेळ माऊसवर हात ठेवून बसले. त्या मोकळ्या जागेत आमचं घर होतं, घरात आत्ता या वेळी आई चहा टाकत असणार. शेजारणीने विचारलं, "अडकलीस का?" मी नाही म्हटलं आणि रेषा होती तशी गिरवली. होतं ते गिरवायचं, हेच माझं काम होतं. पण त्या दिवशी मी ठरवलं की गिरवण्यात आपला जन्म घालवायचा नाही.

आणि योग असा की तेव्हाच गावोगावच्या घरांची ड्रोनने मोजणी करायचं काम निघालं. आमच्या भागाच्या पथकाच्या प्रमुख एक मॅडम होत्या. कडक, कमी बोलणाऱ्या, चिखलातही बूट स्वच्छ ठेवणाऱ्या. त्यांनी दोन शिकाऊ घेतले: पनवेलचा एक सिव्हिलची डिग्री झालेला मुलगा आणि मी. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "दोघांतला एकच पुढच्या टप्प्यात ठेवता येईल. जो गावाकडून नकाशा पडताळून आणेल, तो." पुढच्या टप्प्याच्या गावांत आमचं गाव होतं. गावठाणाबाहेरच्या वस्त्याही घ्यायच्या असं या वेळी ठरलं होतं, पण त्यासाठी पथकातलं कुणीतरी चुन्याची पिशवी घेऊन त्या वस्तीपर्यंत चढायला हवं होतं. मला ठेवलं तर चढणारी मी असणार होते. नाहीतर कोण, आणि चढणार की नाही, काही सांगता येत नव्हतं.

काम असं चालायचं. आधी घरांभोवती चुन्याची फक्की मारायची, म्हणजे वरून हद्द दिसते. मग ड्रोन उडवायचा. आमचा ड्रोनवाला मुरुडच्या मोहल्ल्यातला. लग्नाच्या मंडपांवर ड्रोन उडवता उडवता परवाना काढून इकडे आलेला. त्याची सवय जात नव्हती. काम सुरू करण्याआधी गावाभोवती तो ड्रोनची एक झोकदार फेरी मारायचाच. मॅडम ओरडायच्या, "लग्न नाहीये हे!" तो म्हणायचा, "मॅडम, गावाचीच तर शादी है, होऊ द्या एक फेरी." मग फोटोंवरून घरांच्या रेषा काढायच्या, मोठा कागद छापायचा, आणि तो गावात नेऊन लोकांना विचारायचं: हे तुमचंच घर ना? बरोबर आहे ना? लोकांनी हो म्हटलं तर गाव पुरं झालं.

माझ्या पहिल्या गावात लोक आले, भिंतीवरच्या कागदाकडे लांबून बघितलं, आणि "बघू नंतर" म्हणत निघून गेले. मी हात हलवत परत आले. पनवेलच्या मुलाचं एक गाव तोवर पुरं झालेलं. तो चांगला मुलगा होता, मला म्हणाला, "दुसऱ्या गावात होईल तुझं." दुसरं गाव माझ्यासाठी शेवटचंच होतं.

ते मुरुडच्या अलीकडचं. खाली कोळीवाडा, मध्ये मोहल्ला, वर कुळवाड्यांची घरं. शाळेच्या वर्गात मी कागद भिंतीला चिकटवला, नीट, उत्तर वर. मॅडम दुपारी येऊन बघणार होत्या. बाजार आटपून कोळणी आल्या, मोहल्ल्यातले चाचा आले, वरून शेतकरी आले. सगळे कागदासमोर उभे राहिले. मी कळकळीने समजावत होते, हे देऊळ, ही मशीद, हा रस्ता. लोक मान हलवत होते आणि मला दिसत होतं की एकालाही काही लागत नाहीये. शेवटी एक थोराड कोळीण, टोपली काखेत, पुढे आली आणि वर्गभर ऐकू जाईल अशी म्हणाली:

"ह्यो आमचा गाव न्हाय गो बाय."

"मावशी, तुमचाच आहे. ही बघा होड्यांची जागा."

"आमचा दर्या खाली हाय. ह्यो तुमचा दर्या बाजूला भिताडावर उभा क्येलाय. पाणी सांडंल ना त्याचं!"

सगळे हसले, आणि माझ्या कानात वर्ग हसला, तो जुना, आयटीआयचा. दर्या खाली. अगं बाई! मी यांना माझा पुस्तकातला 'वर' दाखवत होते, आणि ते सगळे घरच्या 'वर'मध्ये शोधत होते. मला सरांची फळी आठवली, हळूहळू फिरणारी.

मी कागद भिंतीवरून उपटला. टेबलं-बाकं बाजूला सारली, कागद जमिनीवर पसरला आणि फिरवला, कागदातला डोंगर खिडकीतल्या डोंगराकडे येईपर्यंत. "आता या. वर डोंगर, खाली दर्या."

मग त्या कोळणीने टोपली ठेवली आणि दाराशी जाऊन चपला काढल्या. मी म्हटलं, "राहू दे मावशी, चालतंय." ती मला म्हणाली, "गावावर चपला घालून कोण उबं ऱ्हाईल?" तिच्या मागोमाग सगळ्यांनी काढल्या. माणसं कागदाभोवती उकिडवी बसली, कुणी कागदावरच गुडघे टेकले, आणि जो गलका सुरू झाला! हे माझं. हे माझ्या भावाचं. हे खळं, आम्ही मासळी सुकवतो ते. ही गल्ली इथून नाही, जरा मुरुडकडनं निघते. चाचांनी आपल्या घरावर बोट ठेवलं आणि ते उचलेनातच. दोन घरांची रेषा चुकली होती ती त्यांनीच सांगितली आणि मी तिथल्या तिथे दुरुस्त केली.

त्याच गलक्यात मॅडम दारात उभ्या राहिल्या. शासनाच्या कामाचा मोठा कागद जमिनीवर, त्यावर माणसं, कडेला मासळीच्या पाण्याचे डाग, चुन्याच्या पावलांचे ठसे. त्यांचा चेहरा बघितला. म्हटलं, संपलं. आईला जाऊन सांगायचं कसं हेच डोक्यात आलं. मॅडम वाकल्या, त्या स्वच्छ बुटांच्या नाड्या सोडल्या, आणि मोजे घातलेल्या पायांनी आत येऊन कोळणीशेजारी बसल्या. "तुमचं घर कुठलं?" त्यांनी विचारलं. कोळणीने दाखवलं, आणि वर म्हणाली, "तुमची पोर हुशार हाय, पर आदी भिताडाला कशाला लावलं इचारा तिला."

परतताना जीपमध्ये मॅडम पुढे बसल्या होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "तो कागद नवा छापून घे. आणि यापुढे गावात न्यायची प्रत फिरवूनच छाप, डोंगर वर करून. ऑफिसची सरळ." थोड्या वेळाने, "त्याच्या गावाने नुसतं हो म्हटलं, तुझ्या गावाने चुका काढून दिल्या. पुढच्या टप्प्यात तू आहेस, गावं उद्या बसून ठरवू." मी "हो मॅडम" एवढंच म्हटलं. ड्रोनवाल्याने मला कोपराने ढोसलं तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पनवेलच्या मुलाने दुसऱ्याच दिवशी फोन करून अभिनंदन केलं. आता तो एका रेल्वेच्या कामावर आहे आणि माझ्यापेक्षा बऱ्या हुद्द्यावर आहे.

आमच्या गावाची पाळी आली तेव्हा मी खालून सुरुवात केली, रिवाजाप्रमाणे. रस्त्यावरच्या दुकानात चहा झाला. मग फक्कीची पिशवी खांद्यावर टाकली आणि वर चढले. वाडीतल्या बायकांनी अंगणं सारवून ठेवली होती, सणाला ठेवावीत तशी, फक्की उठून दिसावी म्हणून. आमच्या घराभोवती मी फक्की मारत होते तेव्हा आई दारात उभी होती आणि मला सांगत होती, "सरळ मार, वाकडं नको जाव." जन्मभर मी सरळ रेषा मारत आले, पण त्या दिवशी कोपऱ्यावर जरा वाकडं गेलंच. आईने ते पायाने पुसलं आणि म्हणाली, "परत मार."

पडताळणी शाळेत होती. कागद जमिनीवर. चपलांचा ढीग दाराबाहेर. खालची माणसं आधीच बसली होती, पोफळीच्या वाडीच्या काकू, कोळीवाड्यातल्या बायका, मास्तर. आई वाडीतल्या बायकांबरोबर आली आणि सवयीने दाराशीच टेकली. मी म्हटलं, "आये, पुढं ये." ती पदर सावरत आली, कागदाच्या खालच्या कडेला बसली, आणि तिची नजर दर्यापासून हळूहळू वर चढू लागली. कोळीवाडा, देऊळ, शाळा. रस्त्याशी ती थांबली. मला वाटलं तिला पुढे बघायची भीती वाटतेय. मग रस्ता ओलांडून तिची नजर वर गेली, जिथे जुन्या कागदावर मोकळं असायचं, आणि तिथे घरं होती. एकेक. विहार होतं. आमचं घर होतं, सरळ कोपऱ्याचं. तिने बोट ठेवलं नाही. हात छातीशी धरून नुसती बघत राहिली. मी तिच्याकडे बघत होते आणि मला रडू येत होतं, आणि मी ते येऊ दिलं.

कागदाच्या डाव्या अंगाला बाण होता, चिमणीकडे तोंड केलेला. आईला तो दिसला.

"ह्यो बाण कुठं चाललाय?"

"उत्तरेला, आये."

"जाव दे त्याला," ती म्हणाली. "आपली वाडी वर हाय ना?"

"व्हय," मी म्हटलं. "वर हाय."